तापलेला जोड

तारा बोलत आणि खांब ऐकत, तेव्हाची ही गोष्ट. वेशीवरची डीपी संतापाने घुमत होती. शेवटच्या घरातला दिवा रोज संध्याकाळी तिच्या नावाने खडे फोडायचा, "पोटभर वीज दे की गं! माझ्या मिणमिणत्या उजेडात शिवताना पारूबाईच्या बोटात सुई घुसते."

"मी कधी हात आखडला नाही!" डीपी कडाडली. "वाटेत खातंय कोण?"

वाटेत तारेचा एक सैल जोड होता, लालबुंद तापलेला. थंडीच्या दिवसांत साळुंक्या त्याच्याजवळ बसून ऊब घेत आणि म्हणत, "केवढा राबतो बिचारा!"

जोड फुशारला. "ऐकलंस? सगळी लाइन माझ्या जिवावर चालते!"

"मेल्या, ही ऊब तुझी नाही, त्या दिव्याच्या तोंडचा घास आहे!" डीपी ओरडली आणि तिरीमिरीत तिने फ्यूजच उडवला.

गाव अंधारात बुडताच वायरमन हैबती धावत आला. काळवंडलेला जोड त्याला दिसला. खांबावर चढून त्याने तो घासला, पान्याने घट्ट आवळला आणि फ्यूज घातला. शेवटचा दिवा लख्ख पेटला. जोड मात्र थंडगार पडला.

सकाळी साळुंक्या आल्या, जोडाजवळ टेकल्या आणि चरफडत उठल्या, "चला गं, हा आता काही कामाचा राहिला नाही!"