कुंभगडच्या पगारवाढीचा पेच

"खजिन्यातून दमडी निघणार नाही, रयतेवर नवा कर बसणार नाही आणि कुणाचा पगार कापायचा नाही. एवढं सांभाळून पगारवाढ कशी द्यायची ते सांगा, लगेच देतो!" कुंभगडचे हंबीरराजे गरजले.

दरबारात शहराचे चाकर मान खाली घालून उभे होते. पाणके, झाडूवाले, दिवाबत्तीवाले, सगळेच. ज्वारी महागली, तेल महागलं. पगार मात्र राजांच्या आजोबांनी ठरवला तेवढाच! पण कारभारी त्र्यंबकपंतांनी राजांच्या कानात भरवलं होतं, "खजिना आटलाय, महाराज. यांना चढवून ठेवू नका."

"सांगा की! आणि सांगता आलं नाही, तर माझ्या राज्यात पुन्हा पगाराचं नाव काढायचं नाही!"

तेवढ्यात दिवाबत्तीवाल्या रामजीची बायको म्हाळसा पुढे सरकली. रामजीने तिचा पदर ओढला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

"महाराज, पगार जुनाच राहू दे. मग कामही जुनंच करू ना? आजोबामहाराजांनी ठरवून दिलं होतं, तेवढं?"

"जुना पगार, जुनं काम! मंजूर!" राजे म्हणाले. पंत मिशीत हसले. फुकटात बला टळली होती!

दुसऱ्या दिवशी जुनं शहर आरशासारखं लखलखलं. पाणी वेळेवर, दिवे वेळेवर. आणि नदीपलीकडची नवी पेठ? तिथे पंतांचे, खजिनदारांचे आणि झाडून सगळ्या दरबाऱ्यांचे वाडे. तिथे ना झाडू फिरला, ना पाण्याची पखाल आली, ना दिवा लागला!

आठवडाभरात पेठेत नाक धरून चालायची पाळी आली. अंधारात खजिनदार थेट रस्त्यात बसलेल्या म्हशीवर जाऊन आदळले. म्हैस उठली, खजिनदार उठेनात! पंतांच्या बायकोने तर पंतांच्या हातात घागर दिली. "दरबार नंतर! आधी नदीवरून पाणी आणा!"

पंत घागरीसकट दरबारात धावले. "महाराज, या चाकरांना चाबकाने फोडा! काम बंद केलंय!"

राजांनी म्हाळसेला बोलावलं. "काय गं, हुकूम मोडलास?"

"मोडला कुठे, महाराज? पाळला! आजोबामहाराजांच्या वेळी नव्या पेठेच्या जागी बाभळीचं रान होतं. तिथल्या कोल्ह्यांसाठी आमच्या आजेसासऱ्यांनी कधी दिवे लावले नाहीत!"

दरबारात खसखस पिकली. पंत लालबुंद झाले.

"मग आता काय करायचं म्हणतेस?" राजांनी विचारलं.

"मी काय सांगणार? पेठेतल्या लोकांना अंधार आवडत असेल तर राहू दे की."

"नको, नको!" लंगडत उभे असलेले खजिनदार ओरडले. "पेठेच्या कामाचे पैसे आम्ही देतो! पदरचे देतो!"

"आम्हीही देतो!" दरबारी एका सुरात म्हणाले. घरोघरी बायका घागरी घेऊन वाट बघत होत्या.

म्हाळसा हात जोडून म्हणाली, "महाराज, खजिन्याला हात लागला नाही. कर कुणी बसवला नाही, ही मंडळी आपण होऊन देताहेत. सगळ्या चाकरांनी वाटून घेतले, की झाली पगारवाढ!"

"पण महाराज," पंत कळवळले, "हा माझाच पगार कापला की!"

"कापला कुठे, पंत? पगार तुमच्या हातात पुरता पडतोय. तुम्ही फक्त पाणी विकत घेताय!" म्हणत राजे इतके हसले, की मुकुट डोळ्यांवर आला.

मुकुट सावरून त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि म्हाळसेला दिलं. "आणि आजपासून नव्या पेठेचा कारभार तुझ्याकडे!"

पंतांनी घागर या हातातून त्या हातात घेतली. आवाज एकदम मऊ करून त्यांनी विचारलं, "म्हाळसाबाई, मग पाणी कधी पाठवताय?"

"आत्ताच की, पंत! पण घरी सांगून या, नाहीतर बाईसाहेब दुसरी घागर देतील!"

राजे पुन्हा हसत सुटले आणि सिंहासनावरच लोळले.