सगुणाची मोठी अक्षरं

ऐका हो, लहानांनी ऐका आणि थोरांनीही ऐका! कोणे एके काळी डोंगराआडच्या एका राज्यात एक पंतोजी शाळा चालवत. त्यांचं अक्षर असं वळणदार, की बघणाऱ्यानं बघतच राहावं.

त्यांच्या शाळेत सगुणा नावाची मुलगी होती. एकदा ऐकलेली कविता तिला लगेच पाठ होई. पण धूळपाटीवर बोट टेकलं, की सगळा घोटाळा! भ लिहायला जावं तर म उमटे, घ चा ध होई. मुलं खो खो हसत. पंतोजी म्हणत, "आळशी आहेस. पुन्हा गिरव!" ती गिरवी, आणि जितकं गिरवी तितकं अक्षर बिघडे.

अशात राणीची दवंडी आली. दसऱ्याला राणी स्वतः शाळेत येणार, प्रत्येक मूल आपल्या मनानं एक ओळ लिहिणार. ज्याला जमणार नाही, त्याची शाळा बंद!

शाळेची लाज जाईल, या धास्तीनं पंतोजी सगुणाच्या घरी निघाले. दसऱ्याआधीच हिला घरी बसवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

अंगणात शिरले आणि जागीच थबकले. सगुणा गेरूनं भिंतभर वेल काढत होती. हात खांद्यापासून फिरत होता. तोंडानं ती पुटपुटत होती, "खाली, वळून वर, इथं गाठ." एक रेघ चुकेल तर शपथ!

"अगं, इथं कशी चुकत नाहीस?"

सगुणा दचकली. "इथं हात मोठा फिरतो, पंतोजी. आणि बोलत गेलं की हाताला कळतं. पाटीवरची अक्षरं मला सगळी सारखीच दिसतात. मी आळशी नाही हो!"

पंतोजी कशाला आले होते, तेच विसरले. त्यांनी धोतर खोचलं. "चल, नदीवर चल!"

ओल्या वाळूत त्यांनी माणसाएवढा भ काढला. "यावरून चाल. मोठ्यानं बोल. भ च्या डोईवर गाठ, छप्पर उघडं! आता हा म. छप्पर अख्खं!"

सगुणा चालली, मग धावली. "घ चं छप्पर अख्खं! ध चं उघडं, गाठ वर! पंतोजी, हे वेगळे आहेत! खरंच वेगळे आहेत!" ती वाळूत उड्या मारू लागली. पंतोजींनाही राहवेना, तेही उडी मारून बसले.

मग रोज वाळू. आधी अंगणाएवढं अक्षर, मग ताटाएवढं, मग तळहाताएवढं. घाई अजिबात नाही.

दसरा उजाडला. राणी आली. वेळ मोजायला प्रधानानं पाण्यात भोक असलेली वाटी सोडली. ती बुडाली, की हात वर घ्यायचे. मुलांची बोटं भराभर चालली. सगुणा मात्र पुटपुटत, थांबत एकेक अक्षर काढत होती. वाटी बुडाली. तिची ओळ अर्धीच!

"हात वर!" प्रधान ओरडला.

 पंतोजी उठले. "राणीसाहेब, हिला थोडा वेळ द्यावा."

"नियम सगळ्यांना सारखा, पंतोजी."

"दवंडी लिहिण्याची होती, राणीसाहेब. घाईनं लिहिण्याची नव्हती. तिला लिहू द्या, नाहीतर तिच्यासोबत मलाही घरी पाठवा."

 राणीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि सगुणाजवळ जमिनीवर बसली. "लिही बाळ."

पाटीवर मोठाली अक्षरं उमटली: घार धुक्यात भरारि मारते.

सोपे शब्द घे, असं पंतोजींनी बजावलं होतं. पोरीनं तर नेमकी छळणारीच अक्षरं निवडली होती! तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं. वेलांटी चुकली होती. सगुणा ओळ पुन्हा पुटपुटली. तिनं रि पुसला, री लिहिला आणि मान ताठ करून ती म्हणाली, "झालं!"

राणीनं टाळी वाजवली. मग काय, सगळ्या शाळेनं वाजवली! पंतोजींना समोरचं काही दिसेना, डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून राज्यातल्या परीक्षांतून ती वाटी गेली आणि प्रत्येक शाळेच्या अंगणात वाळू आली. सगुणा जन्मभर सावकाशच लिहीत राहिली. पण तिनं लिहिलेल्या गोष्टी राज्यभर वाचल्या गेल्या.

तात्पर्य: मूल एका वाटेनं शिकत नसेल, तर त्याला आळशी म्हणू नये, त्याची वाट शोधावी.