विसोपंतांची लेक

एका गावात एक भोळा गडी होता. नाव ठकाजी, पण उभ्या जन्मात त्याने कुणाला ठकवलं असेल तर स्वतःलाच. तो विसोपंत कवींच्या घरी कामाला होता.

पंतांना मूलबाळ नव्हतं. सगळं आयुष्य झिजवून एकच कविता मनासारखी उतरली होती. ती जत्रेत वाचायची नि इनामदारांच्या हातून शाल घ्यायची, एवढीच त्यांची आस. कागदाकडे बघत ते म्हणाले, "ठकाजी, ही माझी लेक रे. कशी का असेना, माझी आहे. मी येईतो हिला जप."

"सरळ बोला हो!" पंतांच्या पत्नी द्वारकाकाकू आतून ओरडल्या. "कागद आहे म्हणून सांगा त्याला!"

"मी कवी आहे. सरळ कसा बोलू?" म्हणत पंत नदीवर गेले.

ठकाजीने लेकीला तेल चोळलं, शेक दिला, दृष्ट लागू नये म्हणून काजळाची ठसठशीत तीट लावली. पंत येऊन बघतात तो पहिली ओळ गडप!

"अरे मेल्या, शाई ओली होती तिची! ओलं दिसलं की वाळू भुरभुरायची, झटकायची, घडी घालून फडताळात ठेवायची. कळलं?"

"कळलं की."

पंतांनी रडतरडत नवी प्रत उतरवली. दुसऱ्या दिवशी शेजारची गोदा आपली तान्ही पोर ठकाजीजवळ ठेवून पाण्याला गेली. पोर ओली झाली. ठकाजीने वाळू भुरभुरली, झटकली. घडी मात्र काही केल्या बसेना. पोरीने असा टाहो फोडला की सगळी आळी गोळा झाली.

पंतांनी कपाळ बडवून घेतलं. "गाढवा, लेकीला कुणी फडताळात ठेवतं? लेक लाडाने वाढवावी, चांगलं घर चालून आलं की हात जोडून देऊन टाकावी!"

"मग आधीच सांगायचं की," ठकाजी म्हणाला.

"मी म्हणत होते, सरळ बोला," काकू म्हणाल्या.

जत्रेच्या सकाळी काकू देवळात होत्या नि पंत न्हाव्याकडे. तेवढ्यात नागोपंत आले. तेही कवीच, फक्त कविता तेवढी त्यांना होत नसे.

"पंतांची कविता बघायला आलोय," ते म्हणाले.

ठकाजी हरखला. पाट मांडला, पोहे दिले, लेकीला बाहेर आणलं. नागोपंतांनी वाचलं नि त्यांचे डोळे लकाकले. "पसंत आहे बुवा. नेऊ का?"

ठकाजीने हात जोडले, नारळ दिला, डोळे पुसत वेशीपर्यंत पोचवून आला.

"लेक कुठाय?" घरी येताच पंतांनी विचारलं.

"दिली. घर चालून आलं होतं. नागोपंतांचं."

पंत धोतर सावरत धावत सुटले, मागोमाग ठकाजी. मांडवात टाळ्यांचा कडकडाट चालला होता. इनामदार नागोपंतांच्या खांद्यावर शाल घालत होते.

"ती माझी आहे!" पंत धाय मोकलून रडू लागले. "तिला माझं नाव होतं!"

"पंत, चारचौघांत असं करू नये," ठकाजीने समजूत घातली. "लेक दिली की नाव सासरचंच लागणार."

पंत जन्मात पहिल्यांदा सरळ बोलले. "अरे, तो कागद होता रे, कागद!"

ठकाजीने कानांवर हात ठेवले. "शिव शिव! पोटच्या पोरीला असं बोलवतं तरी कसं? गप व्हा आता. दिवाळीला चार दिवस माहेरी धाडतो म्हणालेत ते."