वकिलातीत झिलूची साक्ष

समोर उभा असलेला माणूस तोच आहे की दुसराच कोणी, हे त्याला न विचारता कागदाला का विचारतात?

हा प्रश्न झिलूने तलाठ्याला विचारला. तलाठी म्हणाला, पुढे सरक. पासपोर्टच्या चौकशीला घरी आलेल्या हवालदाराला विचारला. हवालदार चहा पिऊन गेला. विमानतळावरच्या साहेबाला विचारला. साहेबाने शिक्का मारला आणि मागच्या माणसाला हाक मारली. मग झिलूने विचारणं सोडून दिलं, कारण त्याच्या विचारण्याने रांग अडायची.

तर कोकणातल्या आंबेखोल गावात हा झिलू, आडनाव बाईत, राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? कोणी 'जरा थांब' म्हटलं की दिवेलागणीपर्यंत तिथेच उभा. अंगाने धडधाकट, मनात काही वाकडं नाही, आणि सांगितलेलं तंतोतंत पाळणारा. हीच सगळी अडचण होती.

त्याचा थोरला भाऊ दत्ताराम आखातात एका धुलाईच्या कारखान्यात होता. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुवायचा. वडील वारले तेव्हा दत्ताराम येऊ शकला नाही. त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता आणि कपाटाची चावी मालकाच्या खिशात. तेरावं उरकल्यावर आईने झिलूला समोर बसवलं.

"तू पण जा त्याच कारखान्यात. आणि माझ्या दत्तारामाला घरी धाड. आणि हे बघ, पासपोर्ट अंगावेगळा करू नको."

"बरं," झिलू म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने बनियनला आतून शिवून घेतला. तो बनियन घालूनच जेवायचा, झोपायचा, आंघोळही करायचा. कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या मालक म्हणाला, "पासपोर्ट इकडे दे, कपाटात ठेवतो."

"ठेवा," झिलू म्हणाला. त्याने कपाट उघडलं, खालच्या खणातल्या फायली बाहेर काढल्या आणि स्वतःच आत जाऊन बसला. "आता लावा दार."

मालकाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मग म्हणाला, "जा, चादरी वाळत घाल."

कारखान्यातली माणसं त्याला पोट धरधरून हसली. पण एके दिवशी सकाळी उठून बघतात तर मालक पळालेला. यंत्रं विकलेली, फाटकाला कुलूप. जाताना कपाटसुद्धा घेऊन गेला होता, आतल्या पासपोर्टांसकट. मागच्या पत्र्याच्या खोलीत चौघं तेवढे उरले. दत्ताराम, झिलू, स्वयंपाक करणारा दापोलीकडचा अन्वर मामू, आणि इस्त्रीवाला वसंता. वसंता लग्न झाल्या झाल्या इकडे आला होता.

पासपोर्ट नाही त्याने घरी जायचं कसं? वसंता वकिलातीत विचारून आला. वकिलात म्हणजे परक्या मुलखातली आपल्या सरकारची कचेरी. ती ओळखपत्र देते. ते दाखवलं की विमानात बसवतात. पण त्याला एक साक्षीदार लागतो. ज्याचा स्वतःचा पासपोर्ट जवळ आहे असा माणूस, आणि त्याने शपथेवर सांगायचं की यांना मी ओळखतो.

"आपल्यात पासपोर्ट कोणाकडे आहे?" वसंताने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून झिलूच्या बनियनकडे पाहिलं.

"मेलो," अन्वर मामू म्हणाला.

चौघं वकिलातीत गेले. दारावरच्या शिपायाने बजावलं, "आत मोठ्याने बोलायचं नाही." झिलूला बाकावर बसवून तिघं समोरच्या दुकानात फोटो काढायला गेले. तेवढ्यात खिडकीतून पुकारा झाला, "दत्ताराम बाईत आणि सोबतचे." झिलूने तोंडावर हात धरला आणि शेजारच्याच्या कानात कुजबुजला, "समोर फोटो काढतायत." शेजारचा माणूस लोणारचा होता, त्याला काय त्याचं. खिडकी बंद झाली.

दत्ताराम कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे मेल्या, आमचं नाव पुकारलं की मोठ्याने ओरडायचं. कोण कुठे आहे ते सांगायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. दोन दिवसांनी बिनकागदाची माणसं हुडकणारे अधिकारी कारखान्याच्या वस्तीत शिरले. त्यांच्याकडे नावं होती. वसंता पाण्याच्या टाकीमागे दडला, मामू चादरींच्या ढिगाखाली शिरला, दत्ताराम पत्र्यामागे. झिलूला लपायचं कारण नव्हतं. अधिकाऱ्याने नाव घेतलं, "दत्ताराम बाईत."

"पत्र्यामागे आहे," झिलू घसा ताणून ओरडला. "वसंता टाकीमागे. आणि मामू चादरींखाली, पाय दिसतायत बघा."

तिघांना ठाण्यावर नेलं, बोटांचे ठसे घेतले आणि सोडलं. पण ताकीद देऊन. महिनाअखेरीपर्यंत ओळखपत्र घेऊन देश सोडा, नाही तर तुरुंग.

"काय हा इमानदार माणूस," मामू पाय झटकत म्हणाला. "ढिगाखालचे पायसुद्धा दाखवले."

दत्तारामाने झिलूला समोर उभं केलं. "यापुढे कोणी साहेब आमच्याबद्दल काही विचारेल, तर म्हणायचं, मला काही ठाऊक नाही. कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

वकिलातीच्या खिडकीत या वेळी पांढरीपांडे बाई होत्या. मूळच्या नागपूरच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू साक्षीदार? बरं, हा दत्ताराम तुझा कोण?"

"मला काही ठाऊक नाही."

"अरे, आडनाव एकच आहे की तुमचं."

"मला काही ठाऊक नाही."

दत्तारामाने मागून त्याला चिमटा काढला.

"मला काही ठाऊक नाही," झिलू म्हणाला, "पण हा चिमटे काढतो."

बाईंनी कागद परत केले. बाहेर आल्यावर दत्तारामाने भिंतीला डोकं टेकवलं. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "झिलू, बाबा, त्या बाई बोट दाखवतील. ज्याच्याकडे दाखवतील त्याला, हो, ओळखतो म्हणायचं. आमच्या गावचा म्हणायचं. बाकी एक शब्द नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी दत्तारामाकडे बोट दाखवलं. "याला ओळखतोस?"

"हो. ओळखतो. आमच्या गावचा."

तिघांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी पेन उचललं. तेवढ्यात मागे रांगेतला एक केरळी म्हातारा पुढे वाकला, त्याला घाई होती. बाई वैतागून त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हे कोण मध्येच?"

"ओळखतो," झिलू म्हणाला. "आमच्या गावचे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रांगेतल्या पगडीवाल्या सरदारजींकडे बोट केलं. "हे?"

"आमच्या गावचे."

रांगेत कुजबुज पसरली की सगळ्यांना ओळखणारा साक्षीदार आला आहे. अर्धी रांग झिलूच्या मागे येऊन उभी राहिली. बाईंनी चहा घेऊन आलेल्या पोराकडे बोट केलं. तो तिथलाच, त्याला मराठीचा गंध नाही.

"आमच्या वाडीतला," झिलू म्हणाला. "घराला घर लागून."

"आणि मी?" बाईंनी स्वतःकडे बोट केलं.

"तुम्हीपण आंबेखोलच्या."

"अरे बाप्पा," बाई म्हणाल्या, "मी नागपूरच्या महाल भागातली आहे." मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे बघ. तू शपथेवर बोलतोस. ज्याला पुरतं ओळखतोस त्यालाच हो म्हणायचं. पुरतं ओळखत नसशील तर, कोणी कितीही चिमटे काढू दे, सरळ नाही म्हणायचं. गुरुवारी या. त्यानंतर माझ्याच्यानं काही होणार नाही."

महिना गुरुवारीच संपत होता.

"बरं," झिलू म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

तिघांचे चेहरे उतरले. पण झिलू कामाला लागला. पुरतं ओळखायचं म्हणजे पुरतं ओळखायचं. तो खोलीत अन्वर मामूजवळ कांदे सोलायला बसला.

"मामू, तुला सगळ्यात भीती कसली वाटते?"

"बायकोची."

"शपथेवर आहे, मामू."

मामू डाळ ढवळत राहिला. "घरी गेलो आणि नातू मला बघून रडत आत पळाला, तर? त्याची."

"बरं. आणि तू फणस का खात नाहीस?"

"लहानपणी चोरून खाल्लेला, दोन दिवस परसाकडेच होतो. हे सांगू नको कोणाला."

मग वसंता. वसंता लाजला, पण तुरुंगापेक्षा लाज बरी. त्याने सांगितलं की घरच्यांना आपण साहेब आहोत असं कळवलंय. इस्त्रीचं गुपित राहू दे. आणि उशीच्या आत बायकोची टिकली चिकटवलेली आहे.

मग झिलू भावाजवळ गेला. "दादा, तुझं सांग."

"माझं काय सांगायचं? एका ताटात जेवून मोठे झालो आपण."

"बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा तू रडलास का?"

दत्ताराम उठला. "दोरीवरचे कपडे काढून आणतो," म्हणाला आणि बाहेर गेला. दोरीवर कपडे नव्हते.

गुरुवार उजाडला. खिडकीसमोर चौघं उभे. मागे रांग, आणि रांगेला आता झिलू चांगला ठाऊक झालेला. बाईंनी विचारलं, "अन्वर शेख?"

"हो. पुरता ओळखतो. नातू पळेल म्हणून घाबरतो. लहानपणी फणस चोरून खाल्ला आणि दोन दिवस..."

"पुरे," मामू म्हणाला.

"वसंत घाग?"

"हो. हा साहेब नाही, इस्त्री करतो. उशीत टिकली आहे."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. वसंताने मान खाली घातली. बाईंनी दोन कागदांवर शिक्के मारले. "दत्ताराम बाईत?"

झिलूने भावाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"याला नाही," तो म्हणाला. "पुरतं नाही ओळखत."

"झिलू," दत्ताराम म्हणाला.

"विचारलं तर सांगत नाही, बाई. बाबा गेल्यावर हा रडला की नाही, मला काय ठाऊक. मी शपथेवर कसं सांगू?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग दत्तारामाकडे. "सांगून टाक बाप्पा. खिडकी बंद व्हायची वेळ झाली."

दत्ताराम काचेवरच्या एका डागाकडे बघत उभा होता. तो डागालाच सांगावं तसं म्हणाला, "रडलो. मोठ्या यंत्राला तोंड लावून रडलो. यंत्र चालू असलं की आवाज बाहेर जात नाही."

"किती वेळ?" झिलूने विचारलं.

"चादरी धुवून होईपर्यंत. मग धुतलेल्याच चादरी पुन्हा लावल्या."

झिलूने मान हलवली. "आता ओळखतो," तो बाईंना म्हणाला. "लिहा."

बाईंनी तिसरा शिक्का मारला, जरा जोरातच. मामूने वर पाहून दोन्ही हात उचलले. आता फक्त साक्षीदाराची नोंद राहिली होती, एक ओळ. बाईंनी लिहिता लिहिताच विचारलं, "आणि तू झिलू धोंडू बाईत. बरोबर?"

झिलूने स्वतःचे हातपाय चाचपून पाहिले.

"हो म्हण," वसंता म्हणाला.

"बाई," झिलू म्हणाला, "पुरतं ओळखत असलो तरच हो म्हणायचं ना?"

"झिलू, नको," दत्ताराम म्हणाला.

"मामूला ओळखतो. वसंताला ओळखतो. दादाला आत्ताच ओळखलं. पण बाबांना खांदा दिला तेव्हा मी रडलो का, तेच मला आठवत नाही. स्वतःला पुरतं ओळखत नाही, बाई. नाही लिहा."

"अरे, पासपोर्टवर तुझा फोटो आहे."

"तो गप्प बसलेला कोणीतरी आहे. मी कुठे गप्प बसतो?"

बाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. साहेब आले. त्यांचेही साहेब आले. शपथेवर दिलेला जबाब, दप्तरी लिहिलेला, खोडायचा कसा? शेवटी ठरलं असं: तिघांच्या ओळखपत्रांवर शिक्के उठले आहेत, तेव्हा तिघांनी आज जावं. साक्षीदार मात्र स्वतःलाच ओळखत नाही म्हणतो, तेव्हा गावाकडून चौकशी होऊन येईपर्यंत त्याला वकिलातीच्या आसऱ्याला ठेवावं. ज्यांच्याकडे कागद नव्हते ते घरी निघाले. ज्याच्याकडे पासपोर्ट होता तो मागे राहिला.

वकिलातीच्या गाडीतून चौघं विमानतळावर गेले. दारातून पुढे झिलूला जाता येईना. मामूने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. वसंताने मिठी मारली. दत्तारामाने त्याची कॉलर नीट केली, मग पुन्हा नीट केली.

"मी गेल्या गेल्या पोलिसांना सांगतो, तुला ओळखतो म्हणून. आईला घेऊन जातो. कळलं?"

"बरं."

"आणि हे बघ, विमान वर गेलं की खालून हात हलव. मी खिडकीतून बघेन. दिसेनासं होईपर्यंत हलवत राहा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

तिघं काचेच्या दारातून आत गेले. झिलू रस्त्याच्या कडेला उभा राहिला. थोड्या वेळाने एक विमान वर गेलं. त्याने हात हलवला. त्याच्या मागून दुसरं गेलं. मग तिसरं. यांचं कुठलं, ते काही कळेना. म्हणून तो प्रत्येक विमानाला हात हलवू लागला.

एक टॅक्सी येऊन त्याच्यापुढे थांबली. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी. कोपऱ्यापर्यंत रांग लागली आणि भोंगे वाजू लागले. झिलूने नको म्हणायला दुसरा हात हलवला. दोन्ही हात हलताना बघून लांबून एक रिकामी बस आली, तीही थांबली. चालकाने दार उघडलं.

झिलू वरच बघत होता.