सहा महिन्यांचा दाखला

एका व्यसनमुक्ती आश्रमाच्या दाराशी एकदा सकाळी एक माणूस येऊन उभा राहिला. त्याचे नाव तुळाजी. चोरीची दोन वर्षांची शिक्षा भोगून तो वर्षापूर्वी सुटला होता, आणि सुटल्यापासून परवापर्यंत रोज दारू पीत होता.

दारावर वृद्ध वैद्यांची तरुण शिष्या बसली होती. तिने नियम वाचून दाखवला. तुरुंगातून आलेल्याने गेले सहा महिने निर्व्यसनी असल्याचा पोलीस चौकीचा दाखला आणावा, मगच प्रवेश मिळेल.

"चौकीत गेलो तर दाखला राहील बाजूला, मलाच बसवून ठेवतील," तुळाजी म्हणाला. "परवापासून थेंब घेतला नाही, बाई. समोरचं दारूचं दुकान दहाला उघडतं. तोवर काय ते सांगा. पुढचं माझ्या हातात नाही."

शिष्या तडक आत गेली. वैद्य एका व्यापाऱ्याच्या गुडघ्याला लेप लावत होते. हा व्यापारी आश्रमाच्या विश्वस्तांचा प्रमुख होता.

"गुरुजी, आपल्या नियमात बसणारा रोगी या जगात आहे का?" तिने विचारले आणि सारी हकिकत सांगितली.

वैद्यांनी लेपाची वाटी झाकली, हात पुसले आणि ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, राहिलेला लेप नंतर. गेले सहा महिने गुडघा दुखला नाही, असा चौकीचा दाखला घेऊन या."

"डोकं ठिकाणावर आहे ना, वैद्यबुवा? दुखत नसता तर इथे लंगडत आलो असतो का?"

"बाहेरचा माणूसही लंगडतच आला आहे."

"माझा गुडघा आणि त्याची दारू एक नव्हे. तो चोर आहे."

"चोरीची शिक्षा न्यायाधीशांनी दिली आणि त्याने ती भोगली," वैद्य म्हणाले. "तो आज बरा व्हायला आला आहे. त्याला दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार मला कोणी दिला? ज्याच्या पाठीशी घरदार आहे, त्याला आपण कागदाशिवाय आत घेतो. ज्याच्यासाठी सही करायला कोणी नाही, नेमकी त्याच्याकडेच सही मागतो. मला चोर बाहेर ठेवायचे होते. बाहेर राहिले ते आजारी."

शिष्या चमकली. "म्हणजे हा नियम आपण लिहिला?"

"मीच. अकरा वर्षांपूर्वी औषधाच्या अफूची बरणी चोरीला गेली, तेव्हा."

"कोणी चोरली होती?"

"आपल्याच कोठीवाल्याने. तो कधी तुरुंगात गेला नव्हता."

"आणि हे आपल्याला आज सुचलं? अकरा वर्षांत किती जण परत गेले असतील, गुरुजी?"

वैद्यांनी मान खाली घातली. "ठाऊक नाही. परत गेलेल्यांची नावे आपण विचारलीच नाहीत."

व्यापारी म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय मांडू."

"दुकान दहाला उघडतं, शेठ. आत्ता पावणेदहा झाले आहेत," शिष्या म्हणाली.

व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिले, मग आपल्या अर्ध्या माखलेल्या गुडघ्याकडे. "कागद आणा, हा नियम रद्द केल्याची सही करतो. बाकीच्या विश्वस्तांना मी समजावीन. समजले नाहीत तर त्यांनाही दाखला मागा."

सही होईपर्यंत शिष्या थांबली नाही. बाहेर आली तर दाराशी कोणी नव्हते. तुळाजी रस्ता ओलांडून दुकानाच्या बंद फळ्यांसमोर उभा होता.

"तुळाजीराव," तिने हाक मारली, "आत या."

तो अडखळत आला. "दाखला नाही माझ्याकडे."

"मी मागितला नाही." तिने त्याला बाकावर बसवले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि प्रत्येक रोग्याला पहिल्या दिवशी विचारतात तेच विचारले, "झोप लागते का रात्री?"

दारावर नियम लावणाऱ्याने, अडवलेला माणूस तिथून कुठे जातो, तेवढे एकदा उठून पाहावे.