उंदराने लावलेला कौल

देव अजून सगळ्यांशीच बोलत असे, तेव्हाची ही गोष्ट. गावदेवाच्या देवळाच्या पायरीखाली सोनगा उंदीर आणि त्याची बायको चिंगी राहत. बिळात चार पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. एका सकाळी धामण बिळाच्या तोंडाशी हुंगून गेली.

"अहो, आत्ताच पिल्लं समोरच्या गवताच्या उडवीत हलवू या," चिंगी म्हणाली.

"मधे उघडं अंगण आहे, वर घार फिरतेय. देवाला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही."

सोनगाने कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं. पण भीतीपोटी त्याने त्या अशा दाबून बसवल्या, की एकही पडेना.

"देवाला विचारताय की गप्प बसवताय?" चिंगी म्हणाली.

"श्रद्धा ठेव गं जरा!"

तेवढ्यात पुजाऱ्याची शेळी आत शिरली आणि दोन्ही पाकळ्या खाऊन गेली.

"आता याचा अर्थ काय लावायचा?" सोनगा रडकुंडीला आला.

"देव म्हणतोय, मला विचारत बसू नका." चिंगीने हात जोडले, "सांभाळ रे बाबा" म्हटलं आणि पिल्लू तोंडात धरून अंगणात धाव घेतली. तिने एकटीने चारही पिल्लं नेली. शेवटच्या खेपेला सोनगाही मागून पळत आला, रिकाम्या तोंडाने. धामण परतली तेव्हा बिळात कुणीच नव्हतं.

पुढे सोनगा उडवीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, "श्रद्धा होती म्हणून वाचलो."

खरंच होतं ते. कुणाची, तेवढं मात्र सांगत नसे.