प्रधानाने बसवलेले नगारे

एका राज्यात होता एक प्रधान. कुणाला निवांत बसलेलं बघितलं की याचा जीव कासावीस व्हायचा.

राजधानीच्या प्रत्येक आळीत एक म्हातारा वैद्य होता. ओट्यावर बसून सुपारी कातरायचा, येईल त्याची नाडी बघायचा. "पोट बिघडलंय? लग्नात किती जिलब्या हाणल्यास, ते सांग आधी! जा, आज लंघन कर." दुखणं जिवावरचं असेल तरच तो माणसाला राजाच्या मोठ्या दवाखान्यात धाडायचा. तिथे दारात नगारा होता. तो वाजला की राजवैद्य भरल्या ताटावरून उठून धावायचा.

प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, हे आळीतले वैद्य नुसत्या गप्पा हाणतात. लावू त्यांना घोड्यांच्या औषधपाण्याला. माणसांसाठी मोठा दवाखाना आहेच की!"

राजाला डुलकी येत होती. "बरं," म्हणाला.

घोडे झाले गुबगुबीत. आणि माणसं? कुणाच्या पायात काटा, वाजव नगारा. पोराला उचकी, वाजव नगारा. "सासूबाईंना जांभया फार येतात हो!" वाजव! राजवैद्य आधी धावायचा, मग चालायला लागला, मग त्याने कानात कापूस घातला.

प्रधानाने अक्कल लढवली. आणखी दोन नगारे बसवले.

एका दुपारी प्रधानाच्या आईचा दमा उसळला. ओठ निळे पडले. तिला पाठीवर घेऊन प्रधान दवाखान्याकडे धावला. दारात ही लांब रांग! त्याने तिन्ही नगारे बडवले. कुणी मान वळवेल तर शपथ!

"अरे सरका! आई गुदमरतेय!"

रांगेतला एकजण म्हणाला, "प्रधानजी, माझाही अंगठा ठणकतोय. मी काय इथे फुगडी घालायला आलोय?"

आईची मान लटकू लागली. प्रधानाने पगडी काढली आणि हात जोडले. "बाबांनो, वैद्य हलवले ही माझी चूक! उद्या प्रत्येक आळीत वैद्य परत बसेल!"

"खरं?"

"आईची शपथ!"

"मग आधी नाही का सांगायचं! कुणाला हौस आहे इथे ताटकळायची?" रांग भराभर पांगली. ते बघून राजवैद्य कानातला कापूस काढून धावला, त्याने औषधाची धुरी दिली. हळूहळू म्हातारीचा श्वास मोकळा झाला.

डोळे उघडताच ती लेकावर खेकसली, "मेल्या, मी मरायला टेकले होते आणि शपथ माझीच घेतोस? उद्या कशाला, आत्ता जा आणि आण माझा वैद्य घोड्यांकडून!"

तात्पर्य: घराजवळचा वैद्य रिकामा दिसला तर जळू नये, त्याच्यामुळेच जिवावर बेतलेल्याला मोठ्या दवाखान्यात वाट मिळते.